आधी गार करा, मग गाडीत घाला



ज्यांच्या स्मरणार्थ आपण या व्याख्यानाला जमतो ते मैदानावरचे मास्तर होते. लांबलचक प्रस्तावना त्यांना सोसत नसे असं जुनी मंडळी सांगतात, तेव्हा मी थेट मैदानावरच येतो.

पहाटे पाचच्या सुमारास पाथर्डी, शेवगाव, कर्जत, जामखेड, श्रीगोंदा, कुठल्याही गावाबाहेर पडा. कॉलेजच्या मैदानावर, बाह्यवळण रस्त्यावर, कालव्याच्या भरावावर पोरं पळताना दिसतात. कोणाला पोलिसात जायचंय, कोणाला सैन्यात, कोणाला राखीव दलात, कोणाला वनरक्षक व्हायचंय. भरतीची तयारी हा आज आपल्या जिल्ह्यातला बहुधा सगळ्यात जास्त खेळला जाणारा खेळ आहे, आणि खेळ म्हणून त्याची नोंद कुठेच नाही. क्रिकेटच्या संघाबरोबर फिजिओ असतो, डॉक्टर असतो. इथे असतो अकॅडमीचा एक सर. गळ्यात शिट्टी, हातात स्टॉपवॉच, बऱ्याचदा माजी सैनिक, नाहीतर स्वतः भरतीत दोन-चार गुणांनी हुकलेला. आखाड्यात त्याच्या जागी वस्ताद असतो. आजचं माझं बोलणं या माणसासाठी आहे.

माझं म्हणणं एकच आहे. व्यायामात पोराच्या जिवावर बेततं तेव्हा निर्णायक वेळ पहिल्या अर्ध्या तासाची असते, आणि त्या अर्ध्या तासात तिथे डॉक्टर नसतो. तिथे तुम्ही असता. म्हणून शरीराचं हे शास्त्र डॉक्टरांना ठाऊक असून भागत नाही, ते शिट्टीवाल्याला ठाऊक पाहिजे.

आता एक हिशेब मांडू. पोलीस भरतीत मुलांना 1600 मीटर धावावं लागतं. मैदानी चाचणीच्या 50 गुणांपैकी 20 त्यालाच आहेत, उरलेले 100 मीटर आणि गोळाफेकीला. धावताना माणसाला एका किलोमीटरला वजनाच्या दर किलोमागे साधारण एक किलोकॅलरी लागते. म्हणजे 60 किलोचा पोरगा 1600 मीटरमध्ये जवळजवळ 100 किलोकॅलरी जाळतो. यातली पाव हिस्सा शक्ती, फार तर, त्याला पुढे ढकलायला कामी येते. बाकी तीन चतुर्थांशाची नुसती उष्णता होते. 60 किलोचं शरीर एक अंशाने तापायला सुमारे 50 किलोकॅलरी पुरतात. म्हणजे ही उष्णता बाहेर पडलीच नाही तर चार राउंडांत अंग दीड अंशाने चढेल. हाच पोरगा 5 किलोमीटर धावला तर 300 किलोकॅलरी जळतात, आणि कागदावरचा हिशेब 37 अंशांवरून एक्केचाळीसच्या पुढे जातो.

प्रत्यक्षात तसं होत नाही, कारण घाम येतो. एक लिटर घाम कातडीवरून पूर्ण सुकला तर तो 580 किलोकॅलरी उष्णता बरोबर घेऊन जातो. पण सुकला तर! टपटप गळून मातीत पडलेला घाम अंगाला काहीही गारवा देत नाही, शरीरातलं पाणी आणि मीठ तेवढं घेऊन जातो. म्हणून मे महिन्यातल्या नगरच्या कोरड्या उन्हापेक्षा जूनमधली ढगाळ, कुंद, वारा पडलेली सकाळ धावणाऱ्याला जास्त वैरी ठरू शकते. सावली आहे, ऊन नाही, मग भीती कशाची, असं आपण म्हणतो. अंगाला चिकटलेला बनियन बघा, तो उत्तर देतो.

आणि आपल्या काही भरत्या येतात नेमक्या जून-जुलैत. 2014 च्या जूनमध्ये मुंबईत विक्रोळीजवळ पूर्व द्रुतगती मार्गावर पोलीस भरतीची 5 किलोमीटरची धाव चालू होती. त्या भरतीत तरुण उमेदवार दगावले. राज्यभर ओरड झाली आणि अंतर कमी करण्याचा निर्णय घ्यावा लागला. दहा वर्षांनी, 2024 च्या जूनअखेरीस, राज्य राखीव पोलीस दलाच्या भरतीत 5 किलोमीटर धावल्यानंतर पुन्हा एक तरुण गेला. त्याच वर्षी ऑगस्ट-सप्टेंबरात झारखंडमध्ये उत्पादन शुल्क शिपाई भरतीसाठी तासाभरात 10 किलोमीटर धावायला लावलं, तिथे दहाहून अधिक उमेदवार मेले. ही धट्टीकट्टी, महिनोन्‌महिने सराव केलेली मुलं होती. मग सरावात न मरणारा पोरगा चाचणीच्या दिवशी का मरतो?

त्या दिवशीची त्याची अवस्था आठवून बघा. आदल्या रात्री एसटीने परगावी पोचला. झोप फुटपाथवर नाहीतर पुलाखाली, तीही तास-दोन तास. लघवीला कुठे जायचं या विवंचनेने पाणी कमी प्यायला. पोट जड नको म्हणून काही खाल्लं नाही. नंबर लागेपर्यंत चार-पाच तास उघड्यावर बसून राहिला. कधी अंगात थोडी कणकण होती, पण ते कोणाला सांगायची सोय नाही, कारण पुन्हा तारीख मिळत नाही. आणि घरची सगळी आशा त्या पाच मिनिटांवर. सरावात दम लागला की पोरगा थांबतो. चाचणीत शरीर थांब म्हणतं आणि मन ऐकत नाही. शरीराच्या संरक्षणाची ही एक कडी आहे, ती त्या दिवशी तोच तोडून टाकतो.

मग तो पडतो. इथे मला जरा सावकाश बोलू द्या.

पडलेल्या प्रत्येकाला आपण चक्कर आली म्हणतो आणि तोंडावर पाणी मारतो. पण पडण्यापडण्यात फरक आहे. शर्यत संपल्यावर लगेच थांबलेला पोरगा मटकन खाली बसतो, भानावर असतो, नाव-गाव सांगतो. पायांतलं रक्त वर यायला वेळ लागलेला असतो. त्याला आडवा करा, पाय उंच धरा, दोन-चार मिनिटांत उठतो. म्हणूनच शर्यत संपली की बसायचं नाही, चालत राहायचं. दुसरा प्रकार, अचानक कोसळला, हाक ऐकत नाही, श्वास नाही किंवा आचके दिल्यासारखा श्वास. ते हृदय बंद पडणं आहे. एकाने 108 ला फोन, दुसऱ्याने लगेच छातीच्या मधोमध दाब द्यायला सुरुवात, मिनिटाला 100 ते 120, पाच-सहा सेंटीमीटर खोल. रुग्णवाहिका दिसेपर्यंत थांबायचं नाही. या अवस्थेत काहीच केलं नाही तर प्रत्येक मिनिटाला जगण्याची शक्यता सात ते दहा टक्क्यांनी उतरते. 2021 च्या युरो स्पर्धेत डेन्मार्कचा एरिक्सन कोपनहेगनच्या मैदानात असाच पडला होता. तो पुन्हा फुटबॉल खेळला, कारण मैदानावरच छातीवर दाब आणि विजेचा झटका दोन्ही मिळालं.

तिसरा प्रकार आपल्याकडे ओळखलाच जात नाही. पोरगा आधी भरकटतो. लेन सोडतो, झिंगल्यासारखा चालतो, सरांना शिवी देतो, उलट्या दिशेने पळू लागतो. मित्र हसतात. मग तो पडतो. अंग हाताला भाजतं, पण घाम आलेला असतो, आणि घाम आहे म्हणजे उष्माघात नाही असा गैरसमज डॉक्टरांतसुद्धा आहे. श्रमाच्या उष्माघातात घाम असू शकतो. शरीराच्या आतलं तापमान 40 अंशांच्या वर आणि डोकं ठिकाणावर नाही, या दोन गोष्टी जमल्या की निदान झालं. काखेत थर्मामीटर लावून फसू नका. घामाने काख गार असते, आकडा कमी दाखवते. खरं तापमान गुदद्वारातून घ्यावं लागतं, ते आपल्या मैदानांवर होणार नाही हे मला कळतं. म्हणून सोपा नियम: श्रम करताना पडला, श्वास चालू आहे, आणि धड उत्तरं देत नाही, तर उष्माघातच धरून चला.

अशा वेळी आपण काय करतो? चार जण त्याला उचलतात, जीपमध्ये घालतात, काचा लावतात आणि तालुक्याच्या दवाखान्याकडे गाडी पळवतात. वीस मिनिटं, अर्धा तास, पुढे सिव्हिलला पाठवलं तर आणखी तास. त्या सगळ्या वेळात मेंदू, यकृत, मूत्रपिंडं अक्षरशः शिजत असतात. जगभरातल्या क्रीडावैद्यकाने यावर काढलेला नियम या व्याख्यानाचं शीर्षक आहे: आधी गार करा, मग गाडीत घाला.

अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यात फाल्मथ नावाचं समुद्रकाठचं गाव आहे. तिथे ऐन ऑगस्टमध्ये सात मैलांची शर्यत होते. त्या शर्यतीतल्या 18 वर्षांच्या नोंदी 2015 मध्ये प्रसिद्ध झाल्या. उष्माघाताचे 274 रुग्ण, आणि सगळेच्या सगळे वाचले. औषध कोणतं? शर्यतीच्या शेवटी मांडून ठेवलेले बर्फाच्या पाण्याचे टब. याच्या उलट 2018 मध्ये मेरीलँड विद्यापीठात जॉर्डन मॅकनेअर हा 19 वर्षांचा फुटबॉलपटू सरावात कोसळला. श्रीमंत विद्यापीठ, पगारी प्रशिक्षक, सगळी साधनं. त्याला थंड पाण्यात घातलंच नाही. दोन आठवड्यांनी तो गेला आणि विद्यापीठाला जाहीरपणे जबाबदारी घ्यावी लागली. साधनं होती, माणसांच्या हाताला सवय नव्हती.

आता आपलं बघा. टब नाही, हे मान्य. पण या जिल्ह्यात कांदा झाकायला ताडपत्री नाही असं घर मला दाखवा. ताडपत्री जमिनीवर पसरायची, पोराला तीवर आडवा घ्यायचा, बूट-बनियन काढायचे. चौघा-पाच जणांनी कडा गुडघ्यापर्यंत उचलून धरायच्या म्हणजे मधे खळगा होतो. त्यात शंभरेक लिटर पाणी आणि फोडलेला बर्फ ओतायचा. एकाने मागून काखेत हात घालून डोकं वर धरायचं. बाकीच्यांनी ताडपत्री हलवत राहायची, कारण स्थिर पाण्यात अंगालगतचं पाणी कोमट होऊन बसतं. ही पद्धत परदेशात तपासली गेली आहे. दर सहा-सात मिनिटांना जवळपास एक अंश तापमान तिने उतरतं, टबाच्या जवळपास. दहा ते पंधरा मिनिटं, किंवा पोरगा कुडकुडायला लागेपर्यंत. तोवर 108 ला फोन झालेलाच असतो. रुग्णवाहिका आली तरी गार करणं अर्धवट सोडू नका. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नका. तापाची गोळी इथे काही कामाची नाही, हा ताप तसला नाही.

बर्फ कुठून आणायचा? हा प्रश्न मला दूध उत्पादकांच्या जिल्ह्यात विचारला जातो याची गंमत वाटते. संकलन केंद्रांवर बल्क कूलर चालू आहेत, बाजाराच्या गावी बर्फाचा कारखाना आहे, रसवंतीवाला रोज लादी आणतो. ज्या दिवशी अकॅडमीत टाइम ट्रायल असेल त्या दिवशी एक लादी भुशात गुंडाळून मैदानावर ठेवा, निळ्या ड्रममध्ये दोनशे लिटर पाणी भरून ठेवा. वापरली नाही तर दुपारी लिंबू सरबत करा.

एवढं बोलून झाल्यावर प्रशिक्षणाकडे वळतो, कारण अर्धी संकटं आपण रोजच्या सरावातच पेरून ठेवतो.

भरतीच्या पोरांना टायमिंगचं वेड असतं. रोज सकाळी 1600 मीटर जीव तोडून मारायचे आणि घड्याळ बघायचं. आज पाच-चाळीस लागलं, उद्या पाच-पस्तीस लागेल. तीन आठवड्यांनी टायमिंग अडकतं, नडग्या दुखायला लागतात, आणि सर म्हणतात, मेहनत कमी पडतेय. मेहनत कमी पडत नाही, चुकीच्या जागी पडते. स्नायूंमध्ये तयार साठवलेली शक्ती दहाएक सेकंद पुरते. ती 100 मीटरला आणि गोळ्याला. पुढे मिनिट-दीड मिनिट प्राणवायूशिवाय साखर जाळून निघतं. पण पाच मिनिटांच्या धावण्यातली साधारण चार पंचमांश शक्ती प्राणवायूवर चालते. ती वाढवायची तर हृदयाचा एका ठोक्यातला रक्ताचा पुरवठा वाढायला हवा, स्नायूंत बारीक रक्तवाहिन्या फुटायला हव्यात. हे काम गप्पा मारता येतील अशा वेगाने लांब पळून होतं, महिनोन्‌महिने. आठवड्यातून दोनदा जोराचा सराव, बाकी दिवस सावकाश, एक दिवस सुट्टी. पोरांना हे पचत नाही. सावकाश पळायचं तर अकॅडमीची फी कशाला भरली? आपल्या हद्दीपलीकडे आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे या सगळ्यांचा देव आहे. जुलै 2024 मध्ये पॅरिसला 3000 मीटर स्टीपलचेसमध्ये त्याने 8 मिनिटं 9.91 सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम केला. ती आठ मिनिटं सगळे मोबाइलवर बघतात. त्यामागचे संथ किलोमीटर कोणी चित्रित करत नाही.

दोन जोरांच्या मधली विश्रांती हाही सरावाचाच भाग आहे, आणि त्यावर मराठी माणसाच्या काळजाला लागेल असं उदाहरण आपल्याकडे आहे. 1952, हेलसिंकी. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव 57 किलो गटात उतरले होते. जपानच्या इशीबरोबर त्यांची दीर्घ, दमवणारी कुस्ती झाली, ते हरले, आणि लगेच त्यांना सोव्हिएत मल्ल मामेदबेकोव्हशी लढायला बोलावलं. दोन कुस्त्यांमध्ये किमान 30 मिनिटांची विश्रांती हा नियम होता. तो सांगायला, हक्काने भांडायला भारताचा एकही अधिकारी तिथे हजर नव्हता. दमलेले खाशाबा ती कुस्तीही हरले आणि कांस्यपदकावर थांबले. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. आपण त्यातलं पदक सांगतो, तीस मिनिटं सांगत नाही. स्नायूंतली झटपट शक्ती तीन ते पाच मिनिटांत भरून येते, हे खरं. पण रक्तात साठलेली आम्लता उतरायला अर्धा-पाऊण तास लागतो, आणि जळलेली साखर भरायला अख्खा दिवस. त्या नियमात शरीरशास्त्र होतं. मैदानाच्या कडेला उभा राहणारा माणूस कशासाठी असतो, असं कोणी विचारलं तर मी हेलसिंकी सांगतो.

कुस्तीचा विषय निघालाच आहे. 2025 च्या फेब्रुवारीच्या सुरुवातीला आपल्या नगरच्या वाडिया पार्कवर महाराष्ट्र केसरी रंगली. पृथ्वीराज मोहोळ जिंकला, शिवराज राक्षेने पंचाला मारलेल्या लाथेवर पुढे कित्येक दिवस चर्चा चालली. कुस्तीतला जास्त जीवघेणा प्रश्न मात्र वजनकाट्यावर असतो. किताबाची गटवारी वजनदारांची आहे, तिथे हा प्रश्न कमी. खालच्या गटांत पोरं वजन उतरवतात: दोन दिवस पाणी बंद, अंगावर प्लास्टिकचा सूट, वर स्वेटर, आणि दुपारच्या उन्हात पळायचं. मगाशी जो हिशेब मांडला त्यात घाम सुकायची वाटच बंद केली की काय होतं ते तुम्हीच सांगा. 1997 च्या अखेरीस अमेरिकेत महिन्याभराच्या अंतरात तीन महाविद्यालयीन मल्ल असं वजन उतरवताना मेले. मग तिथे रबरी सूट, वाफेच्या खोल्या यांवर बंदी आली आणि हंगामाच्या सुरुवातीलाच, शरीरात पाणी पुरेसं असताना, प्रत्येकाचं किमान वजन ठरवून द्यायची पद्धत सुरू झाली. पॅरिस ऑलिंपिकमध्ये विनेश फोगाट 100 ग्रॅमने अपात्र ठरली तेव्हा देश हळहळला. त्याच स्पर्धेत अमन सेहरावतने रात्रभरात चार किलोंहून अधिक वजन उतरवून कांस्य मिळवलं, त्याचं कौतुक झालं. मला दोन्ही गोष्टी सारख्याच काळजीच्या वाटतात. अमनच्या भोवती रात्रभर जागणारा प्रशिक्षकांचा ताफा होता. तालुक्याच्या निवड चाचणीला आलेल्या पंधरा वर्षांच्या पोराभोवती कोण असतं?

आखाड्यातल्या आणखी एका गोष्टीचा उल्लेख करतो आणि पुढे जातो. नव्या पोराकडून पहिल्याच आठवड्यात पाचशे बैठका काढून घेणं, किंवा शिक्षा म्हणून उठाबशा काढायला लावणं. स्नायू फुटून त्यातला रंगद्रव्याचा माल मूत्रपिंडात अडकतो. मांड्या दगडासारख्या होतात आणि दुसऱ्या दिवशी लघवी कोऱ्या चहासारखी येते. तसं कोणी सांगितलं तर ‘पाणी पी, बरं वाटेल’ म्हणू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा. जुने जाणते वस्ताद बैठका आठवड्या-आठवड्याने वाढवत. आदिवासी भागातल्या पोरांची सिकलसेलची तपासणी झालेली असेल तर तो कागद मागून घ्या. त्यांना जोर हळूहळू चढवू द्यायचा असतो.

आता खुराक. हा विषय मला सर्वांत आवडतो कारण इथे नगर जिल्हा जगाला काही सांगू शकतो.

व्यायाम करणाऱ्याला वजनाच्या दर किलोमागे रोज दीड-पावणेदोन ग्रॅमपर्यंत प्रथिनं पुरतात. 60 किलोच्या पोराला 95 ग्रॅम धरू. डब्यातली पावडर आणायच्या आधी घरातलं मोजा. एक लिटर दूध, 33 ग्रॅम. मूठभर, म्हणजे 50 ग्रॅम शेंगदाणे, 13. दोन अंडी, 13. वाटीभर मटकीची उसळ, 14. चार भाकरींच्या पिठात 20-21. बेरीज करा, जवळजवळ पुरतंय. अंडं चालत नसेल तर 25 ग्रॅम सोया वडी तेवढंच देते. पावडर विष नाही, पण तीत काय मिसळलंय ते तुम्हाला कळत नाही, आणि शेंगदाण्यात कळतं. पळण्याआधी पोट अगदी रिकामं नको. केळं किंवा गूळ-शेंगदाण्याचा लाडू अर्धा-पाऊण तास आधी. पळण्याच्या आधी आणि नंतर काट्यावर उभं करा: जितके किलो उतरले तितके लिटर पाणी गेलं. 60 किलोच्या पोराचं वजन सव्वा किलोने उतरलं की टायमिंग बिघडायला लागतं. भरून काढायला मीठ घातलेलं ताक उत्तम. नुसतं पाणी ढोसायला लावू नका, रक्तातलं मीठ पातळ होऊन तेही जिवावर बेततं.

मुलींचा प्रश्न वेगळा आहे. भरतीला त्यांची धाव 800 मीटरची. दोन-तीन महिने मेहनत करूनही टायमिंग हलत नाही आणि सर म्हणतात, मन लावत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या 2019-21 च्या फेरीत महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या. एक ग्रॅम हिमोग्लोबिन साधारण 1.34 मिलिलिटर प्राणवायू वाहून नेतं. डेसिलिटरला 13 ग्रॅम हिमोग्लोबिन असलेल्या मुलीचं एक लिटर रक्त 174 मिलिलिटर प्राणवायू नेतं, 9 असलेलीचं 121. मन कुठून लावणार? अकॅडमीत प्रवेश देताना धाव बघायच्या आधी हिमोग्लोबिन बघा, प्राथमिक आरोग्य केंद्रात होतं. आणि पाळी बंद झाली असेल तर ती सोय झाली असं समजू नका. खाणं श्रमाला पुरत नाही याचा तो इशारा आहे, पुढे हाडं ठिसूळ होतात. पुरुष सरांना हे विचारायला संकोच वाटतो. अकॅडमीत एक ताई ठेवा.

बाजरीची गोष्ट इथलीच. राहुरीचं महात्मा फुले कृषी विद्यापीठ आणि हैदराबादजवळची इक्रिसॅट ही संशोधन संस्था यांनी मिळून धनशक्ती ही जास्त लोहाची बाजरी 2012 च्या सुमारास आणली. तशा लोहयुक्त बाजरीची चाचणी आपल्या जिल्ह्यात 12 ते 16 वयाच्या शाळकरी मुलामुलींवर झाली. एका गटाला त्या बाजरीच्या भाकरी, दुसऱ्याला साध्या बाजरीच्या, सहा महिने. 2015 मध्ये निष्कर्ष छापून आले: सुरुवातीला ज्यांच्यात लोह कमी होतं त्यांची उणीव भरून निघण्याची शक्यता लोहयुक्त बाजरीवाल्यांमध्ये दीडपटीहून जास्त होती. पुढे 2022 मध्ये त्याच कामातून आलेला निबंध तर तुमच्या-माझ्या धंद्याचा आहे. मुलांच्या अंगावर हालचाल मोजणारी यंत्रं लावली होती. लोहयुक्त भाकरी खाणारी मुलं दिवसभरात जास्त हलत होती, कमी बसत होती. कोणी त्यांना पळा म्हटलं नव्हतं. भाकरीने पळवलं. ही चाचणी जगभरच्या पोषणशास्त्राच्या पुस्तकांत गेली आणि आपल्या मैदानांवर पोचली नाही. जेवणानंतर लगेच चहा टाळायचा, ताटात लिंबाची फोड ठेवायची, एवढी जोड दिली की लोह आणखी अंगी लागतं.

शेवटी एक कटू विषय. मेफेंटरमाईनचं इंजेक्शन. शस्त्रक्रियेच्या वेळी भूल दिल्यावर रक्तदाब पडला तर तो वर आणायचं हे औषध. राज्यात ठिकठिकाणी पोलिसांनी आणि अन्न व औषध प्रशासनाने त्याचा चोरटा व्यापार पकडला आहे. जिममध्ये आणि भरतीच्या पोरांत ते ‘दम वाढवायला’ घेतलं जातं. उत्तेजकांच्या जागतिक यादीत ते बंदी असलेलं आहे. पण यादी बाजूला ठेवा. ते कातडीकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या आवळतं, हृदयाला चाबूक मारतं आणि थकव्याची जाणीव दडपतं. म्हणजे उष्णता बाहेर पडायची वाट बंद आणि थांब सांगणारा आवाजही बंद. जून महिन्यातल्या चाचणीला इंजेक्शन मारून उतरलेला पोरगा काय पत्करून उतरतो, ते आता तुम्हाला समजावून सांगायला नको. अकॅडमीच्या खोलीत सुई दिसली तर त्या पोराला हाकलून देऊ नका. हाकललेला पोरगा दुसऱ्या अकॅडमीत जातो आणि सुई बरोबर नेतो. बसवा, विचारा, घरी कळवा.

प्रश्न विचारायला वेळ ठेवायचा आहे, म्हणून एकच मागणी करतो, आणि ती इथे बसलेल्या अकॅडमीवाल्यांकडे. पुढची भरती निघायच्या आत प्रत्येक तालुक्यात एकदा ताडपत्रीचा सराव करा. एका धडधाकट पोराला पडायला सांगा, घड्याळ लावा, आणि तो बर्फाच्या पाण्यात जाईपर्यंत किती मिनिटं लागली ते फळ्यावर लिहा. कडा कोण धरणार, डोकं कोण धरणार, फोन कोण करणार, रुग्णवाहिकेला फाट्यावर वाट दाखवायला कोण उभं राहणार, नावं ठरवून टाका. आणि बर्फवाल्याला वेळ साडेचारची द्या. तो सहाला येतो, आणि पोरं पाचला पळायला लागतात.